बारावा जोड

सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

ही वही तेजलताईंनी दिली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. पुढच्या पानांवर साहेबांचं लिहायचं. किती पावलं चालले, उजवा हात कुठवर उचलला, गोळ्या कधी घेतल्या. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंना ते लागतं. मी वही उलटी करून मागून माझं लिहायला घेतलं आहे. गावच्या शाळेत गुरुजी रोज पाच ओळी लिहून आणायला सांगायचे. दहावीनंतर शाळा सुटली, पण मन जड झालं की अजून हात कागद शोधतो.

साहेब म्हणजे प्रफुल्ल साहेब. पाटबंधारे खात्यातून मोठे इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. गंगापूर रोडला बंगला. धरणाच्या बाजूला गोल्फचं मैदान आहे, तिथं मी बावीस वर्षं कॅडी आहे. खेळणाऱ्याची स्टिकांची पिशवी वाहायची, चेंडू शोधायचा, उन्हात छत्री धरायची. त्यातली एकोणीस वर्षं साहेबांची पिशवी माझ्या खांद्यावर होती. ऑगस्टमध्ये त्यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडलं. तेजलताई त्यांची एकुलती एक मुलगी. फेब्रुवारीअखेर त्या त्यांना कायमचं पुण्याला नेणार आहेत.

आज मैदानाला सुट्टी, म्हणून भेटायला गेलो. साहेब व्हरांड्यात बसले होते. डाव्या हातानं कोपऱ्यातली स्टिक दाखवली आणि म्हणाले, "विसरलो."

हात विसरला, असं त्यांना म्हणायचं होतं. मग माझ्या छातीवर बोट टेकवून एकेक शब्द शोधत म्हणाले, "तू... पाहिलंयस. शिकव."

एकोणीस वर्षं मी त्यांच्याकडं पाहून गुपचूप शिकत होतो. ते त्यांना माहीत होतं, हे मला आज कळलं.

बुधवार, २७ नोव्हेंबर

सकाळी मैदानावर, दुपारी चारला बंगल्यावर. असं ठरलं.

पहिल्या दिवशी फजिती झाली. मी साहेबांच्या शेजारी उभा राहून दाखवायला गेलो आणि माझे हात उलटे निघाले. साहेब उजव्या हाताचे. मी भाकरी उजव्या हातानं खातो, सही उजव्या हातानं करतो, पण स्टिक धरली की डावखुरा होतो. कारण साधं आहे. कॅडीनं खेळणाऱ्याच्या पाठीमागं उभं राहायचं नसतं, त्याचं लक्ष विचलित होतं. आम्ही समोर उभे राहतो. मी समोरून जे पाहिलं तेच अंगात घेतलं, आरशातलं पाहून भांग पाडावा तसं. मैदानावर डावखुऱ्याची स्टिक कुणाकडं नाही. मी आजवर सगळा सराव मिटलेल्या छत्रीनं केला आहे. छत्रीला डावं-उजवं नसतं.

शेवटी तेजलताईंनीच तोडगा काढला. "दीपककाका, तुम्ही बाबांच्या समोर उभे राहा ना. त्यांना आरशात बघितल्यासारखं होईल."

तसं केलं. मी छत्री हळूहळू वर नेली. साहेबांनी माझ्याकडं बघत स्टिक वर नेली. कमरेपर्यंत. तिथं हात थरथरला आणि खाली आला. दहा वेळा केलं.

घरी सांगितलं तर बायको, उज्वला, म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं गच्चीवर छत्री फिरवायचा ते हे व्हय? मला वाटायचं डास मारताय."

रविवार, १ डिसेंबर

साहेबांचा फटका मी डोळे मिटून सांगू शकतो. आधी चेंडूमागं उभे राहून लांब बघतात. मग जवळ येऊन उजवी टाच एकदा उचलून टेकवतात. स्टिक वर जाताना घाई नाही. डावा खांदा हनुवटीखाली येतो. वर गेल्यावर पापणी लवेल एवढं थांबणं. बाकीचे खेळणारे तिथून हातांनी ओढतात. साहेबांची आधी कंबर फिरते आणि हात मागून येतात.

हे मला पहिल्याच वर्षी समजलं, कारण लहानपणी सिन्नरकडं आमच्या गावात मी ज्वारीवर गोफण फिरवली आहे. गोफणीतही दगड शेवटी सुटतो. आधी अंग जातं, मग हात, मग दोरी. घाई केली की दगड स्वतःच्याच मागं पडतो.

आज साहेबांना गोफणीचं सांगितलं. ते हसले. उजवा गाल हसत नाही, डावाच हसतो. म्हणाले, "मला... कधी... सांगितलं नाहीस."

खरं आहे. मी त्यांना बरंच काही सांगितलेलं नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

विहारात गेलो. आज बाबासाहेबांचा दिवस. पांढरे कपडे घातलेली माणसं रांगेनं बसली होती. पंचशील म्हणताना माझा आवाज चौथ्या शीलाला नेहमी बारीक होतो. खोटं बोलणार नाही, हे ते शील. उज्वलाला वाटतं, माझा घसा बसतो.

आज लिहून टाकतो. अकरा वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

फेब्रुवारी २०१४. क्लबच्या वार्षिक स्पर्धेचा शेवटचा सामना. साहेब आणि रावजी बोरस्ते. रावजी म्हणजे ओझरकडचे द्राक्षबागायतदार, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. दोघांची वीस वर्षांची दोस्ती. दर रविवारी सोबत खेळायचे, खेळ झाला की अण्णांच्या गाडीतली भाकरी आणि ठेचा झाडाखाली बसून खायचे. साहेब त्यांना नुसतं "राव" म्हणायचे. तसं दुसरं कुणी म्हणत नसे.

एका सामन्यात अठरा होल, म्हणजे अठरा टप्पे असतात; सतराव्या होलवर दोघं बरोबरीत होते. साहेबांचा फटका उजवीकडं बाभळीखाली गेला. मी आधी पोचलो. चेंडू ट्रॅक्टरच्या चाकोरीत रुतला होता. चेंडू पडेल तिथूनच मारायचा हा नियम, आणि तिथून तो निघणं अवघड होतं. मैदानाला पाणी दिल्यानं चिखल होता म्हणून चपला मी मागंच काढल्या होत्या. माझ्या पायाची बोटं फार तयार आहेत. लहानपणी डोक्यावर भारा असताना खाली पडलेली काठी न वाकता पायानं उचलायची सवय. मी चालता चालता चेंडू बोटांत धरला आणि वीतभर पलीकडं गवतावर ठेवला. थांबलोसुद्धा नाही.

साहेबांनी सांगितलं नव्हतं. ते असलं कधीच सांगणार नाहीत. मला फक्त ते जिंकायला हवे होते.

त्यांनी तिथून मारलेला फटका मी पाहिलेल्यांत सगळ्यांत सुंदर होता. तो होल साहेबांनी घेतला. झेंड्यापाशी आल्यावर अण्णा म्हणाले, "प्रफुल्ल, तुझ्या पोरानं चेंडू हलवलाय. मी पलीकडून पाहिलं."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. वरून खालपर्यंत. मी मान खाली घातली. चेंडू हलवणाऱ्या कॅडीचा मैदानावर यायचा पास जातो, आणि गेला की कायमचा. महिन्याभरापूर्वीच एकाचा गेला होता. घरात लेक चैताली दुसरीत होती.

साहेब म्हणाले, "दीपक असं करणार नाही. मी शब्द देतो, राव."

अण्णांनी हातातली स्टिक पिशवीत ठेवली, टोपी काढली आणि शेवटचा होल न खेळताच निघून गेले. त्यानंतर ते या मैदानावर आले नाहीत. साहेबांच्या घरीही नाही.

मी खोटं बोललो नाही. मी बोललोच नाही. ही पळवाट मी अकरा वर्षं वापरतो आहे. साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवून शब्द दिला आणि त्या शब्दापायी त्यांचा एकुलता दोस्त गेला. त्यांना बिचाऱ्यांना काही कल्पना नव्हती.

शनिवार, १४ डिसेंबर

स्टिक खांद्यापर्यंत गेली. पुढच्या पानावर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

साहेबांनी माझ्या बुटांकडं बोट केलं. डाव्या बुटाचा तळ उकलला आहे. म्हणालो, "फेब्रुवारीपर्यंत चालतील साहेब."

दरवर्षी फेब्रुवारीत साहेब मला बुटांचा नवा जोड घेऊन देतात. नाडीचे, पुढून बंद, चांगल्या कातड्याचे. त्या स्पर्धेनंतर आठच दिवसांनी मला मेनरोडला घेऊन गेले, स्वतः समोर बसून बूट घालून बघायला लावले आणि म्हणाले, "यापुढं उघड्या पायानं चेंडूजवळ जायचं नाही." त्या वर्षी मैदानात साप फार निघाले होते. आमच्यातल्या गोटीरामला फुरसं चावता चावता राहिलं. इतक्या कॅडींमध्ये माझ्या पायांची काळजी करणारा माणूस मला मिळाला, आणि मी त्याच्याशी असा वागलो. जोड पायात घातला की दरवर्षी हेच मनात येतं. आत्तापर्यंत अकरा जोड झाले.

रविवार, २२ डिसेंबर

तेजलताई चहा घेऊन आल्या आणि समोर बसल्या. म्हणाल्या, "काका, बाबा झोपेत 'राव, राव' करतात. अण्णांचं आणि त्यांचं नेमकं काय झालं होतं? आई असताना विचारलं तर ती म्हणायची, खेळातलं काहीतरी."

मी म्हणालो, "मोठ्या माणसांचं असतं ताई. आम्हाला काय कळणार."

आता मात्र मी बोललो. आणि खोटं बोललो. पळवाटही गेली.

मंगळवार, १४ जानेवारी २०२५

संक्रांत. तेजलताईंनी तिळगुळाचा डबा भरला आणि माझ्या हातात दिला. "अण्णांना नेऊन द्या. बाबांनी पाठवलाय म्हणा. सणाचं कुणी परत करत नाही."

बसनं ओझरला गेलो. तिथून बागेपर्यंत चालत. वाटभर वाक्य जुळवलं. 'अण्णा, चूक माझी होती.' चारच शब्द. बंगल्यापुढं अण्णा मजुरांशी बोलत उभे होते, पाठमोरे. केस पार पांढरे झाले आहेत. मी फाटकातच थांबलो. त्यांची सून बाहेर आली. तिच्या हाती डबा दिला आणि माघारी फिरलो.

तेजलताईंना सांगितलं, अण्णा भेटले नाहीत.

संध्याकाळी उज्वला म्हणाली, "तिळगूळ वाटायला गेला होता की पोचवायला? तोंड बघा कसं झालंय, कारल्यावानी."

शनिवार, २५ जानेवारी

थंडी. साहेबांचा उजवा हात आखडला. काही नवीन नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

आज साहेबांना मैदानावर नेलं. तेजलताईंनी गाडी सरावाच्या जागेपर्यंत आणली. गोटीराम आणि बाकीचे कॅडी पिशव्या खाली ठेवून उभे राहिले. गोटीराम आमच्यातला जुना, त्याला गप्प राहता येत नाही. म्हणाला, "साहेब, हा दीपक्या तुम्हाला शिकवतो म्हणं? ह्याला आधी सरळ हात कुठला ते तरी कळतं का विचारा."

साहेब डाव्या गालानं हसले.

मी त्यांच्या समोर उभा राहिलो. माझ्या हातात छत्री, त्यांच्या हातात सात नंबरची स्टिक. मधे चेंडू. त्यांनी लांब बघितलं. उजवी टाच त्यांना उचलता येत नाही, म्हणून मी माझी डावी उचलून टेकवली. त्यांनी ते पाहिलं आणि डोळ्यांनीच टेकवल्यासारखं केलं. मग आम्ही दोघं सोबतच वर गेलो. वर थांबलो. कंबर फिरली. हात मागून आले.

चेंडू साठ पावलं गेला. पूर्वी दीडशे जायचा. पण आवाज तोच होता, वाळलेली फांदी एका झटक्यात मोडावी तसा. कॅडींनी टाळ्या वाजवल्या. तेजलताई गाडीकडं तोंड करून डोळे पुसत होत्या.

साहेबांनी मात्र चेंडूकडं पाहिलंच नाही. ते उजवीकडं, सतराव्या होलच्या बाभळीकडं बघत होते. म्हणाले, "राव... असता तर."

पुण्याला जायची तारीख ठरली आहे. रविवार, तेवीस.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज गेलो, आणि फाटकात थांबलो नाही.

अण्णा बागेत खुर्ची टाकून बसले होते. काढणी चालू आहे. बायका कात्र्यांनी घड उतरवत होत्या. मला ओळखलं. "ये. बस. संक्रांतीला फाटकातून पळाला तो तूच ना? सून म्हणली, रडक्या तोंडाचा माणूस आला होता."

मी जमिनीवर बसलो. वाक्य जुळवलेलं होतं तरी सांगताना ते बदललं. म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी चेंडू मीच हलवला होता. पायाच्या बोटांनी. साहेबांना माहीत नव्हतं."

अण्णा घडातले फुटके मणी काढत राहिले. "हे सांगाया अकरा वर्षं लागली?"

"हो."

"मला ठावं होतं. माझे डोळे काय फुटले नव्हते. तुझ्यावर राग नव्हता रे माझा. तू त्याच्या लेकरावानी होतास, साहेबाच्या मायेपोटी केलंस. अन् एका होलनं माझं काय जाणार होतं? तो नुसता म्हणला असता, राव, चूक झाली, तर मी हसून पुढचा होल खेळलो असतो."

"पण त्यांना कसं कळणार? त्यांनी पाहिलंच नाही."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "त्यानं तुझ्या पायाकडं पाहिलं. बोटांत चिखल होता, बोटांच्या मधी. मी तुझ्याकडं बघतच नव्हतो, त्याच्या तोंडाकडं बघत होतो. पाहिलं आणि मग शब्द दिला. वीस वर्षांच्या दोस्ताला खोटा शब्द."

मी म्हणालो, "नाही अण्णा. साहेब तसे नाहीत."

"मग राहू दे. तुझा साहेब तुला लखलाभ. एकदा येऊन म्हणू दे, राव, मी पाहिलं होतं. बस. मी पायात चपला न घालता येईन."

"त्यांना आता बोलता येत नाही."

"ठावं आहे," अण्णा म्हणाले, आणि मणी काढत बसले. निघताना मला पेटीभर द्राक्षं दिली.

अण्णांचा राग अजून गेला नाही, म्हणून साहेबांवर असा आळ घेतात. रागात माणसाला नसलेलं दिसतं. द्राक्षं गोड आहेत, पण मला खाववली नाहीत.

रविवार, १६ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं. तेजलताई बाजारात गेल्या होत्या. साहेबांसमोर उभा राहिलो, रोज उभा राहतो तसा. फक्त हातात छत्री नव्हती. चाकोरी सांगितली, बोटं सांगितली, अण्णांकडं जाऊन आलो तेही सांगितलं. अण्णा त्यांच्याबद्दल जे म्हणाले ते नाही सांगितलं. आजारी माणसाला कशाला दुखवायचं.

वाटलं होतं चिडतील, किंवा रडतील. त्यांनी डोळे मिटले.  मग स्टिक उचलली आणि तिच्या टोकानं माझ्या बुटावर पुढच्या बाजूला, बोटं असतात तिथं, हलकेच टकटक केलं. एकदा, पुन्हा एकदा. आणि डाव्या गालानं हसले.

मला वाटतं, नव्या जोडाची आठवण करून दिली. मी एवढं मोठं सांगतोय आणि त्यांचं लक्ष माझ्या फाटक्या बुटाकडं. म्हणालो, "राहू द्या साहेब, यंदा नको." त्यांनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

मग कागद मागितला. डाव्या हातानं, लहान मूल गिरवतं तसं, काहीतरी लिहिलं. अर्धा तास लागला. पाकिटात घालून चाटून बंद केलं. वर लिहिलं 'राव'. माझ्या हातात देऊन म्हणाले, "लवकर."

पाकीट हलकं आहे. एकच ओळ असेल.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काल सुट्टी असूनही मैदानावर पाण्याच्या पाइपाचं काम निघालं, जाता आलं नाही. आज साहेबांनी भुवया उंचावून विचारलं. "उद्या," म्हणालो.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज तेजलताई म्हणाल्या, "काका, ती वही आठवणीनं द्या बरं का. पुण्याच्या डॉक्टरांना पहिल्यापासूनचं बघायचंय."

 वही द्यायची तर मागची पानंही जाणार. घरी येऊन मागची पानं फाडायला घेतली. एकच फाडलं, तर पुढचं त्याच्या जोडीचं पान सैल झालं, साहेब पहिल्यांदा दहा पावलं चालले ते. शिवणीची वही, एका दोऱ्यावर दोन्ही बाजू. तेवढं पान डिंकानं चिकटवलं.

आता एकच मार्ग. नवी वही आणून पुढचं सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचं. जवळजवळ तीन महिन्यांचं आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काल संध्याकाळी आणि आज संध्याकाळी लिहीत बसलो. उज्वला म्हणाली, "परीक्षा देताय का काय? आणि ते साहेबांचं पाकीट किती दिवस बुद्धांच्या तसबिरीमागं राहणार?"

"उद्या," म्हणालो. बोट सुजलं आहे. अजून अकरा पानं बाकी.

शनिवार, २२ फेब्रुवारी

नवी वही तेजलताईंना दिली. म्हणाल्या, "किती छान अक्षर आहे हो तुमचं, काका."

तिथून ओझरला गेलो. अण्णा पिंपळगावला माल घेऊन गेलेले. सुनेनं चहा दिला. तासभर थांबलो, मग पाकीट तिच्याजवळ दिलं. तिला सांगितलं, साहेब उद्या सकाळी नऊला निघतात. ती म्हणाली, "आज त्यांना यायला उशीर होईल. सकाळी देते."

रविवार, २३ फेब्रुवारी

नऊ वाजता गाडी निघाली. साहेब पुढच्या सीटवर, पट्टा लावलेला. खिडकीतून डावा हात बाहेर काढून माझ्या खांद्यावर ठेवला, पिशवीचा पट्टा असायचा त्या जागी. "राव?" म्हणाले. मी म्हणालो, "पाकीट पोचवलं साहेब." त्यांनी रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं. ताई म्हणाल्या, ऊन व्हायच्या आत निघायला हवं. निघताना मागच्या सीटवरून एक खोका काढून त्यांनी मला दिला. "बाबांनी परवा मला दुकानात नेऊन घेतलाय. मी सांगत होते ते काही घेऊ देईनात, हेच हवं म्हणाले."

मी मागं राहून बंगला बंद करत होतो. खिडक्या लावल्या, नळ बघितले. सव्वाअकरा वाजता फाटकात जीप थांबली. अण्णा उतरले. पायात काही नव्हतं. मागं द्राक्षांच्या दोन पेट्या.

"गेला?"

"नऊला गेले."

अण्णा पायरीवर बसले. खिशातून कागद काढून मला दिला. वाकडी, मोठी अक्षरं. 'राव, पाय मी पाहिले होते.'

मी ते दोन-तीनदा वाचलं. कागद माझ्यामुळंच सहा दिवस घरात राहिला होता.

अण्णा म्हणाले, "सकाळी दहाला वाचलं. काल हातात असतं तर रात्रीच आलो असतो. परवा असतं तर दोघं मैदानावर गेलो असतो. एखादा होल तरी." ते मला बोलत नव्हते. हिशेब लावत होते, हातातून निसटलेल्या गोष्टीचा लावतात तसा. मी सांगितलं नाही की दोन संध्याकाळी मी माझं खोटं झाकायला शुद्धलेखन करत बसलो होतो. इथं लिहितो आहे. इथं तरी खरं.

ताईंना फोन लावला. गाडी संगमनेरच्या पुढं गेली होती. ताईंनी फोन साहेबांच्या कानाला धरला. अण्णा म्हणाले, "प्रफुल्ल, राव बोलतोय." मग पुढं काही बोललेच नाहीत. पलीकडून गाडीचा आवाज आणि साहेबांचा श्वास.  शेवटी पलीकडून एक "हं" आला. अण्णांनीही "हं" म्हटलं आणि फोन मला दिला.

"काढणी संपली की जातो पुण्याला," अण्णा उठताना म्हणाले. "एप्रिलात." मग पेट्यांकडं बघून म्हणाले, "ह्या तूच ने. चैतालीला दे."

घरी आल्यावर उज्वलानं खोका उघडला. दोऱ्या, कागद बाजूला केले आणि म्हणाली, "अहो, हे काय? दुकानदारानं खोका बदलला का काय? अकरा वर्षं बूट, आणि जाताना चपला?"

कोल्हापुरी होत्या. चांगल्या जाड तळाच्या, बोटं सगळी उघडी राहतील अशा.

मी म्हणालो, "ताई म्हणाल्या, हेच हवं असं साहेबांनीच सांगितलं."

"मग मैदानात साप चावला म्हणजे?"

 जुने बूट काढले, नाड्या सोडवून भिंतीपाशी ठेवले. नवा जोड घालून पाहिला. अगदी मापाचा आहे. वंदनेला बसलो, तर चौथ्या शीलापर्यंत माझं लक्ष बोटांवरच होतं. अकरा वर्षं झाकून राहिल्यानं ती पांढरी पडली आहेत.